कापलेल्या झांजा

सरांच्या घरात "मस्त" म्हणायला बंदी होती. "छान"लाही. "भारी" म्हणणाऱ्याला ते चहा देत, पण पुढच्या रविवारी त्याला बोलावत नसत. ज्यानं नीट ऐकलं नाही तोच मस्त म्हणतो, असं त्यांचं ठाम मत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. रेकॉर्ड संपली तशी मी सभ्यपणानं "छान आहे हो, सर" म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या साडीला काहीतरी लागलंय की काय असं मला वाटलं.

"काय छान हाय?"

"म्हणजे... सगळंच."

"सगळंच छान कधी नसते, मॅडम. लग्नातलं जेवनबी नसते. एक गोष्ट सांगा."

मी घाबरत घाबरत म्हणाले, की तो जाड तारांची गिटार वाजवणारा माणूस सगळ्यांच्या किंचित मागून येतोय असं वाटतं. सर खुर्चीतून उठलेच. "मागून येते! बरोब्बर. तो मागून येते म्हनून तं पुढचे सगळे सिधे चालून राहिले." त्या दिवसापासून मी त्यांच्या रविवारच्या बैठकीची सभासद झाले. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत, मी मराठी. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे. लग्न केलेलं नव्हतं. घर त्यांचं स्वतःचं, लहानसं, पुढे लोखंडी फाटक, आत एक खोली फक्त गाण्यांची.

गाणी म्हणजे आपली नव्हेत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. फंक, सोल, त्यानंतरचं रॅप, आणि सर ज्याला "हुशार पोरायचा धिंगाना" म्हणत ते जॅझ-रॉक. आमच्या भागात हे संगीत कुठून आलं असेल असा प्रश्न कुणालाही पडेल. ते आलं अकोल्याहून, एका खोक्यातून. सरांचा जिवाभावाचा मित्र अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात शिकायला होता. वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीत आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी राहायचा. शिक्षण संपवून तो मायदेशी निघाला तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून कॅसेटींनी भरलेलं एक खोकं त्यानं या मित्राच्या पदरात टाकलं. दोघा मित्रांनी त्या कॅसेटी आपसात वाटून घेतल्या. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी करतात तशी, एक तुला, एक मला. पुढे जन्मभर त्या अमरावती-अकोला करत राहिल्या. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट द्यायचं, तिकडे स्टँडवर दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. हिवाळ्यात पाकिटासोबत तुरीच्या शेंगांची पिशवीही येई. या कंडक्टर मंडळींनी काय काय पोचवलं हे त्यांना कधी कळलं नाही.

सरांनी वर्गात उत्तर अमेरिकेचा भूगोलही याच वाटेनं शिकवला. डेट्रॉइटला मोटारी बनतात, हे ते सांगत, पण लगेच टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणत, "कारखान्यात दिवसभर उभा राहनारा मानूस संध्याकाळी असा चालते." मेम्फिस नदीकाठी, म्हणून तिथला ठेका ओला. पोरं खिदळत. एकानं परीक्षेत "मेम्फिसचे हवामान संथ व भावपूर्ण आहे" असं लिहिलं होतं आणि सरांनी त्याला अर्धा मार्क दिला होता. प्राचार्यांनी बोलावून समज दिली तेव्हा सर म्हणाले, पूर्ण दिला नाही, हेच पुष्कळ झालं.

खोटी स्तुती त्यांच्याच्यानं होत नसे. हा त्यांचा गुण होता असं आम्ही सगळे म्हणायचो. आता मला तितकीशी खात्री नाही. स्नेहसंमेलनाच्या गायनस्पर्धेला एकदा त्यांना परीक्षक नेमलं. त्यांनी दुसरा आणि तिसरा क्रमांक जाहीर केला आणि खाली बसले. पहिला? "पह्यल्याच्या लायकीचं कोनी गायलं नाई." गाणाऱ्यांत संस्थेच्या अध्यक्षांची नात होती. पुढे उपप्राचार्यपदासाठी ज्येष्ठतेनं त्यांचं नाव होतं, ते कसं गळलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी हळहळले तर मलाच म्हणाले, "पोरगी चुकीच्या जागी श्वास घेत होती. मी काय करू?"

अकोल्याचे ते मित्र अगदी उलट्या स्वभावाचे. मी त्यांना काका म्हणायची. बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं त्यांचं. दुकानदार माणूस, "नाही" हा शब्द जिभेवर यायचाच नाही. आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला "हो भाऊ, पाहू भाऊ." सर एखाद्या रेकॉर्डची सालटी काढत तेव्हा काका हळूच म्हणत, "पन शेवट बरा होता त्याचा." सर म्हणत, "तुले तं सर्पदंशाचाबी शेवट बरा वाटन." मग दोघं हसत. दर महिन्याला एका रविवारी काका एसटीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. माझ्या पाहण्यात इतकी जुनी आणि इतकी नीट चाललेली मैत्री दुसरी नाही.

कॅसेटींचा काळ गेला, मोबाइल आले. सर निवृत्त झाले आणि त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. दर रविवारी सकाळी एक जुनी रेकॉर्ड पाठवायची आणि तिच्यावर सरांचं परीक्षण. परीक्षण वऱ्हाडीत. मोर्शीचा एक संत्रा बागाईतदार, अकोटच्या कापूस जिनिंगमधले एक हिशेबनीस, नागपूरचे दोन डॉक्टर, आमचे काही माजी विद्यार्थी असे लोक त्यात होते. मी कितीतरी परीक्षणं वाचून एकटीच हसले आहे. एका ढोलवाल्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं: "याले घाई नाई. याले मालूम हाय का गाडी उशिरा येनार." एका रॅपरबद्दल: "हा मानूस लय रागात बोलून राहिला, पन ठेका सोडत नाई. आपल्याइकडे मानूस रागावला का पह्यले ठेकाच सोडते." आणि एका नावाजलेल्या जॅझ-रॉकवाल्याचं तर पार वाटोळं केलं होतं: "कीबोर्डवाल्याले कोनी आवर म्हटलं नाई. सत्काराच्या भाषनाले उभा राहिल्यासारखा वाजवून राहिला." लोक परीक्षण आधी वाचत आणि गाणं मागून ऐकत. काही तर गाणं ऐकतच नसत, असा माझा संशय आहे.

मग झांजांचं प्रकरण सुरू झालं.

ड्रमच्या बाजूला पितळेच्या थाळ्या असतात, त्यांना सर झांजा म्हणत. जुन्या रेकॉर्डी साफसूफ करून कंपन्या नव्यानं काढतात, तशा काही काकांनी मिळवल्या आणि पाठवल्या. सरांचं परीक्षण आलं: "झांजा कापल्या." पुढच्या रविवारी दुसऱ्या रेकॉर्डवर पुन्हा तेच. मग दर रविवारी. साफ करता करता कंपनीवाले वरचा आवाजच पुसून टाकत आहेत, म्हाताऱ्या माणसाचे दात काढून त्याला गोरागोमटा करून बसवतात तसा हा प्रकार आहे, हे त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं. आवाज चढत गेला. थट्टा कमी झाली. ग्रुपवरचे लोक आधी "खरं आहे सर" म्हणत, पुढे गप्प बसू लागले.

मला त्या झांजा लख्ख ऐकू येत होत्या. कुणी शेजारच्या घरात कोथिंबीर चिरत असावं इतक्या स्पष्ट. मी दोन-चार रविवार गप्प राहिले आणि मग त्यांना तोंडावर सांगितलं, "सर, झांजा आहेत त्यात. मला ऐकू येतात."

"तुमाले वाटून राहिलं."

"वाटत नाही, ऐकू येतात."

"मॅडम, तुमी जुनी रेकॉर्ड आयकेल हाय. कान आठवनीतून भरून घेतात." मग मोबाइल पुढे केला. "हे पाहा. अकोल्याहूनबी हेच आलं. त्यालेबी ऐकू येत नाई."

खरंच, काकांचा निरोप होता: "बरोबर बोलला तू. झांजा गायब."

घरी येऊन मी काकांना फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असावं, ते बाहेर येऊन बोलले. "मॅडम, मले सगळं ऐकू येते. पन त्यानं पह्यल्यांदा मले इचारलं, तुलेबी ऐकू येत नाई नं? जिंदगीत त्यानं असं कधी इचारलं नोतं. सांगत होता नेहमी, इचारत नोता. त्याचा आवाज ऐकून मी हो म्हनून गेलो."

"पण काका, त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं."

"नेऊ नं. सांगतो मी. पुढच्या खेपेले आलो का सांगतो."

पुढची खेप आली, गेली. काकांच्या जिभेवर ते येईना. चार वर्षं ते हो म्हणत राहिले, आणि माझ्या नाहीला सरांच्या लेखी किंमत नव्हती, कारण अकोल्याचा हो माझ्याहून कितीतरी जुना होता.

फुटायचं ते एका रविवारी फुटलं. दार उघडं होतं, उन्हाळा लागला होता, कूलरमध्ये पाणी ओतून मी आत आले होते. काका कोचावर होते. सर तावातावानं म्हणाले, आज तुम्हाला अस्सल काय असतं ते ऐकवतो, आणि त्यांनी त्या मूळ खोक्यातली एक कॅसेट काढली. कुठल्या कंपनीनं साफ न केलेली, हात न लावलेली. "याच्यात पाहा झांजा. आता येतीन." ती कॅसेट त्यांना तोंडपाठ होती. कुठे काय येतं ते माहीत होतं. त्यांनी हात वर धरला, झांजांची जागा आली तसा तो खाली आणला.

हात तसाच राहिला. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की त्यांना काहीही ऐकू आलेलं नाही.

त्यांनी कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. मग काकांकडे पाहिलं. काका डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट मांडीवर पडत होतं. झांजेच्या प्रत्येक घावाला एक, नेमकं. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सर बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. गाणं संपेपर्यंत पाहिलं.

"तुले ऐकू येऊन राहिलं," ते म्हणाले.

काकांनी डोळे उघडले. बोट आवरलं.

"कवापासून?"

"मले... मले बंद कधी झालंच नोतं गड्या."

"अन् माह्यासंग चार वर्षं खोटं आयकलं तू?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटू द्यायचं होतं! बह्यरा म्हनायचं होतं मले, भर ग्रुपवर म्हनायचं होतं! मी लोकायले सांगून राहिलो का कंपनीवाले चोर हायेत, अन् तू तिकडं दुकानात बसून हो हो करून राहिला. गिऱ्हाईक समजला का मले?"

सर म्हणाले, "चारची गाडी भेटन तुले." काका चप्पल घालून निघाले. मी फाटकापर्यंत गेले, तर मला म्हणाले, "त्याले एकट्याले सोडू नका आज."

त्याच रात्री ग्रुपवर सरांचा शेवटचा मजकूर आला. गेल्या चार वर्षांतली सगळी परीक्षणं रद्द समजावीत, ज्यानं त्यानं पुन्हा ऐकावं. खाली सही केल्यासारखं पूर्ण नाव, आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले. पुढे तिथे सुप्रभातची फुलं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक येऊ लागले.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वयानं वरचे बारीक आवाज गेले आहेत, बोलणं अजून चांगलं ऐकू येतं, यंत्र लावा, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र आणलं. एक दिवस लावलं आणि काढून कपाटात ठेवलं. "झांजा येतात याच्यात. पन पितळेच्या नाई, पत्र्याच्या." मला त्यांचा राग आला. माणसानं इतकंही चोखंदळ असू नये असं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी हो म्हटलं आणि यंत्र काही लावलं नाही.

काकांचे फोन येत. सर घेत नसत. मग फोन यायचे थांबले, आणि थांबल्यावर सर निवळले. आधी विषय काढू देत नसत, आता स्वतःच काढत. "फोनवर होत नाई हे. त्यानं यावं. मी जानार नाई, पन तो आला तं हाकलनार नाई." मी म्हटलं, तसं कळवते त्यांना. तर हात जोडले. "तुमी मधात पडू नका. त्याले यायचं असन तं येईन. अकोला काय लांब हाय?" रविवारी ते घर सोडत नसत. मी कधी मोर्शीला माहेरी जाऊन आले की विचारायची, कुणी आलं होतं का? "कोन येते?" म्हणत. दोन कप मात्र धुऊन उपडे ठेवलेले असत.

एका गुरुवारी काकांच्या मुलाचा निरोप आला. झटका आला आणि गेले. सरांनी मोबाइल माझ्या हाती देऊन मला वाचायला लावलं, जणू त्यांच्या वाचण्यात चूक असेल. मग म्हणाले, "कितीची गाडी हाय?" आमचं पोचणं अंत्यविधी झाल्यावर झालं. तेरवीला आम्ही पुन्हा गेलो. मूर्तिजापूर मागे पडल्यावर ते अचानक म्हणाले, "तो यायले पाह्यजे होता. एकदा तरी."

जेवणं उरकल्यावर काकू आमच्यापाशी येऊन बसल्या. सरांना त्या भाऊजी म्हणत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

"भाऊजी, एक डाव दार उघडलं असतं तं बरं झालं असतं."

"कोनतं दार?"

"संक्रांतीनंतर आले होते नं ते तुमच्याकडे. रविवारीच. शेंगा घेऊन आले होते. लय वेळ बेल वाजवली म्हने. खिडकीतून तुमी दिसत होते, खुर्चीवर बसेल, पाठमोरे. मान नाई वळवली तुमी."

सरांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहवलंच नाही.

"मी म्हटलं त्याइले," काकू सांगत होत्या, "भाऊजीले ऐकू आलं नसन. तं म्हने, बोलनं त्याले सगळं ऐकू येते, त्यानं पाठ केली माह्याकडे. आवाज द्यायचा होता, म्हटलं. तं म्हने, कोनत्या तोंडानं देऊ? शेंगा परत आनल्या. मंग कधी नावच घेतलं नाई तुमचं."

सर उठले, काकूंना हात जोडले आणि बाहेर पडले. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. अमरावतीला उतरेपर्यंत दिवस मावळत आला होता. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले.

दाराच्या चौकटीला बेलचं बटण होतं. ते मी कधी दाबलेलं नव्हतं. बैठका होत्या तोवर रविवारी दार उघडंच असे आणि एरवी मी फाटकाची कडी खडखडवत असे. सरांनी किल्ली काढली नाही. बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. आत बेलची चिमणी चिवचिवली. घरोघरी असते तशी, बारीक, उंच आवाजाची.

"वाजली?" त्यांनी मला विचारलं.

"वाजली, सर."

त्यांनी दाराला कान लावला आणि पुन्हा दाबलं. "आता?"

"वाजते आहे."

"मोठ्यानं?"

मला रडू येत होतं. हो म्हणाले. त्यांनी बोट काढलं नाही. कान दाराला, बोट बटणावर, डोळे माझ्याकडे, असे ते उभे राहिले, आणि आत ती चिमणी ओरडतच राहिली. शेवटी शेजारच्या बाई कंपाउंडपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, बेल अटकली काय तुमची? आमच्या सयपाकघरात आवाज येऊन राहिला."

सरांनी बटणावरून बोट काढलं.